डाव्या पायावरचा श्वास

प्रज्ञेशला हेडफोनमध्ये आपल्या ट्रंपेटच्या मागून कुणीतरी चालत येताना ऐकू आलं आणि त्यानं वळून पाहिलं. मागे भिंत होती. आवाज घुमू नये म्हणून तिच्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि त्या ट्रेंच्या मधोमध कुठल्याशा भजनी मंडळानं भेट दिलेलं घड्याळ सव्वाअकरा दाखवत होतं. रविवार होता. शनिवार पेठेतलं हे तळघर एरवी आरत्या आणि अथर्वशीर्षं रेकॉर्ड करण्यात गुंतलेलं असे. आज तिथं ही चौघं आपलंच वाजवणं परत ऐकत काचेपुढे दाटीनं बसली होती. ट्रंपेट छान आलं होतं. पियानोच्या सुरांवरून ते असं घरंगळत होतं की प्रज्ञेशला क्षणभर आपल्याबद्दल चांगलं मतसुद्धा झालं. पण त्याच्या खाली, पार तळाशी, टक्, टक्, टक्, टक्. कडक टाचेचे बूट. घाई नाही, आळस नाही; व्याह्यांकडे पहिल्यांदाच निघालेला माणूस जसा जरा रुबाबात चालतो तसे. ट्रंपेट वर गेलं तरी ते चालत होते, ट्रंपेट गप्प झालं तरी चालत होते. जणू कुणी प्रज्ञेशला सोडायला आलं होतं आणि दारापर्यंत पोचवल्याशिवाय परत जाणार नव्हतं.

"मध्ये कोण चाललंय?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट महिपतींनी विचारलं. पन्नाशी उलटलेले महिपती माणसांशी काटकसरीनं बोलत. "माझ्याकडे तीस वर्षांत समस्त देव येऊन गेले. पण पायी कोणी आलं नव्हतं."

चौघांनी खाली पाहिलं. साईच्या पायात ड्रमच्या पेडलपाशी रबरी चपला होत्या. अनिरुद्ध बेस गिटार मांडीवर घेऊन, मांडी घालूनच बसायचा. राजनंदिनी कीबोर्डपाशी अनवाणी. राहिले प्रज्ञेशचे बूट, हिंजवडीच्या कंपनीत पाच दिवस झिजणारे, आणि त्यांच्याखाली लाकडी फळी. फळीवर एका जागी, डाव्या टाचेखाली, पॉलिश उडून चांदणीएवढा पांढरा ठिपका पडला होता. इतका वेळ आपण चालत होतो. तीन टेक, प्रत्येकी सात मिनिटं. म्हणजे मंडईपासून निघालो असतो तर एव्हाना स्वारगेट मागे पडलं असतं, असा हिशेब त्याच्या डोक्यानं उगाचच केला. कंपनीत त्याचं काम टेस्टिंगचं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका तो हुडकून काढायचा आणि त्यात त्याचा हात कुणी धरत नसे. बंगळुरूत बसलेल्या माणसाची स्वल्पविरामाएवढी चूक त्याला इथून दिसायची. स्वतःचा पाय दोन वर्षांत दिसला नव्हता. दिसणार तरी कसा? कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात दर रविवारी दुपारी ते वाजवायचे तेव्हा काटेचमच्यांचा इतका खणखणाट असे की बूटच काय, घोडं नेलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

घोडं. हा शब्द मनात आला आणि त्यानं तो चटकन बाजूला सारला. पाहुणे आले की धाकटं भावंड दाराआड ढकलतात तसा.

"बूट काढा आणि गालिच्यावर उभे राहा," महिपती म्हणाले. "दोन वाजता दत्ताच्या आरत्या आहेत. दत्त थांबतील, मंडळ थांबत नाही."

प्रज्ञेशनं बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. अनिरुद्धनं तो पाहिला आणि काही बोलला नाही. अनिरुद्ध काही बोलत नाही म्हणजे परिस्थिती गंभीर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि ती होतीच. जूनमध्ये अनिरुद्ध ऑनसाईट जाणार होता, अमेरिकेला, दोन वर्षं. त्याच्या आधी हा एकच मोका होता. गोव्याच्या एका जॅझ महोत्सवात नव्या मंडळींसाठी एक दुपार राखून ठेवलेली होती. सीडी उद्या कुरिअरनं निघायला हवी. निवड झाली तर मे महिन्यात चौघं एका खऱ्या रंगमंचावर, जिथं लोक जेवायला नाही, ऐकायला येतात. नाही झाली तर राजनंदिनीनं सोडलेली नोकरी, साईनं घरी सांगितलेली थापांची माळ आणि या चौघांची दोन वर्षं, सगळं जूनच्या विमानात बसून निघून जाणार. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. राजनंदिनीनं फक्त आज सकाळी आल्याआल्या प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर खडीसाखर ठेवली होती, परीक्षेला निघालेल्या पोरांना देतात तशी.

चाल तिचीच होती. नाव 'खडकवासला'. संथ, भरलेल्या पाण्यासारखी, आणि मध्येच धरणाची दारं उघडावीत तशी ट्रंपेटला मोकळी सोडणारी. ती मोकळी जागा आली. प्रज्ञेशनं ट्रंपेट ओठाला लावलं, आणि त्याच्या लक्षात आलं की श्वास कुठं घ्यायचा हेच त्याला ठाऊक नाही. गालिचा मऊ होता, लबाड मांजरासारखा मऊ. पाय ठेवला की काही न बोलता घेऊन टाकत होता. त्यानं पाय थोपवून धरले. पोटऱ्या ताठ झाल्या, मग गुडघे, मग बरगड्या. पहिली ओळ निघाली, दुसरी अर्ध्यात आली आणि छातीतली हवा संपली, भर रस्त्यात पेट्रोल संपावं तशी. जन्मभर न चुकता येणारा श्वास आला नाही, कारण तो यायचा डाव्या पायावरून. डावा पाय पडला की पोट सुटतं, पोट सुटलं की हवा आत. हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, चालवून सांगितलं होतं. आणि आता पायच नव्हता.

शिकवणारा होता धोंडिबामामा. आईचा थोरला भाऊ, मूळचा मुळशीकडचा, मंडईमागच्या चंद्रोदय ब्रास बँडचा पहिला ट्रंपेट. मामाबद्दल दापोडीच्या त्यांच्या गल्लीत जे सांगतात ते निम्मं खरं धरलं तरी माणूस पुराणातला ठरेल. मामानं एकदा मंडईपाशी असा सूर लावला की एका भाजीवालीच्या तागडीचं रिकामं पारडं खाली गेलं आणि तिनं तो सूर पावशेर म्हणून गिऱ्हाइकाला बांधून दिला. खोटं वाटत असेल तर मंडईत विचारावं; ज्याला विचाराल तो सांगेल की मी स्वतः तिथं होतो, मग तो तेव्हा जन्मलेला नसला तरी. एक वरात म्हणे लक्ष्मी रोडला इतकी तुंबली की निघताना ज्या नवरदेवाला मिसरूड फुटलेलं नव्हतं, तो कार्यालयाच्या दारात पोचला तेव्हा त्याला झुबकेदार मिशा होत्या आणि वधूपक्षानं हा आमचा जावईच नव्हे म्हणून वाद घातला. मामा हे सगळं मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी फक्त दुरुस्ती करायचा, "मिशा हुत्या, पर झुबकेदार न्हवत्या."

पण त्या तुंबलेल्या वरातीत एक गोष्ट खरी होती, आणि ती कुणी सांगत नसे, कारण वाजवणाऱ्यांशिवाय कुणाला ती माहीतच नव्हती. गाणं चार मिनिटांचं असतं आणि रस्ता दोन तासांचा. चालताना गाणी बदलता येतात. पण भर चौकात पोरं नाचायला लागली, घोडं थांबलं, की गाणं संपवायचं नाही हा बँडचा धर्म. गाणं संपलं की नाच संपतो, नाच संपला की पोरं बिथरतात. मग पहिल्या ट्रंपेटनं काय करायचं? तर तीच ओळ परत घ्यायची. पण तशीच नाही. तशीच घेतली तर नाचणाऱ्याला कळतं की आपण एकाच जागी आहोत. म्हणून ती वळवायची, उलटी घालायची, तिच्यातला एक सूर उचलून त्याचा हात धरून लांब फिरवून आणायचा, आणि पाय जागच्या जागी पाडत राहायचे. याला बँडमध्ये म्हणत वळसा. मामाचा वळसा इतका लांब असे की क्लॅरिनेटवाला पोपट मधल्यामध्ये पान लावून घेई. प्रज्ञेश नवव्या वर्षी लाल कोट घालून, बाह्या चार घड्या मुडपून, मामाच्या डाव्या अंगाला चालायला लागला. पहिल्यांदा चालला तो चौदा एप्रिलला. त्या दिवशी बँडनं कुणाची सुपारी घ्यायची नाही हा मामाच्या वडिलांनी छप्पन्न साली घातलेला दंडक होता; त्या दिवशी बँड आपल्या माणसांसाठी वाजायचा, फुकट आणि दुप्पट जोरात. डांबर तापलेलं, निळे झेंडे, बायकांच्या पांढऱ्या साड्या, आणि कानाशी मामा, "डावा. श्वास. डावा. श्वास. वर नको बगू, बाबासायब दिसत्यात का म्हनून. ते पुढं हायत. तू चाल."

"थांबा," महिपती म्हणाले.

सगळे आधीच थांबले होते. मजेची गोष्ट अशी की प्रज्ञेश अडकला, पण त्याच्या आधी अर्धा श्वास साई अडकला होता. काठ्या हातात धरून तो प्रज्ञेशच्या मोज्यांकडे बघत होता, हरवलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. आणखी दोन टेक झाले. दोन्ही त्याच वळणावर बसले, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखे. पाच मिनिटं चहा, असं राजनंदिनी म्हणाली. चहा आला. कुणी घेतला नाही. अनिरुद्ध म्हणाला, "माझ्या आजीला गुडघा बदलल्यावर असंच झालं होतं. ती निदान आधी दुखत असल्याचं सांगायची."

"प्रज्ञेश," राजनंदिनी म्हणाली, "लोबो सरांना फोन कर ना. त्यांना विचार, असं झालं तर काय करायचं."

लोबो सर. प्रज्ञेश मोज्याबाहेर आलेला अंगठा आत ढकलायला लागला.

लोबो सर दोन वर्षांपूर्वी जन्मले, राजनंदिनीच्या एका प्रश्नातून. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं होतं, "कुणाकडे शिकलास? टोन काय आहे तुझा!" आणि त्याच दुपारी, तासाभरापूर्वी, चौघं डेक्कनवर एका वरातीमागे अडकले होते तेव्हा अनिरुद्ध सहज म्हणाला होता, "या बँडवाल्यांना सूर कुणी उधारसुद्धा देत नाही का?" अनिरुद्ध वाईट नव्हता. तो स्वतःबद्दलही असंच बोलायचा. पण प्रज्ञेशला त्या गर्दीतले लाल कोट दिसले, कोटावरची काळपटलेली जर दिसली, आणि कार्यालयांच्या मागच्या बाजूला, पाणवठ्यापाशी, सगळ्यांचं झाल्यावर बसणारी बँडची पंगत दिसली. तोंडातून निघालं, "कॅम्पात एक लोबो सर आहेत. गोव्याचे." एवढंच. पण थाप ही एकटी राहत नाही, तिला शेजार लागतो. पुढच्या आठवड्यात साईनं विचारलं, कसे दिसतात रे सर? मग लोबो सरांना हॅट आली. मग काळी छत्री, जी ते उन्हापावसाशिवायही बाळगायचे. मग सुराआधी तोंडात धरायची वेलची. मग ड्रमच्या शेजारी जन्मभर उभं राहिल्यानं आलेला बहिरेपणा, आणि पडलेले पुढचे दात, ज्यांच्यामुळे सरांना आता वाजवता येत नव्हतं. हॅट आणि कॅम्प सोडलं तर लोबो सरांच्या अंगावर एकही गोष्ट त्यांची स्वतःची नव्हती. छत्री मामाची, वेलची मामाची, बहिरेपणा मामाचा. दातसुद्धा मामाचे, पुढचा दात पडला त्या सकाळी मामानं तो पाण्यानं धुऊन देवळीत, बुद्धाच्या मूर्तीमागे ठेवला होता, ट्रंपेट प्रज्ञेशच्या हातात दिलं होतं आणि म्हणाला होता, "आता शीळ येती, सूर येत न्हाई. तू घे." आईनं, ललितानं, त्या दिवशी पुरण घातलं, आणि कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. रविवारी प्रज्ञेश हॉटेलात वाजवायला निघाला की मामा उंबऱ्याशी छत्री टेकून बसलेला असे. "आज कुनाची वरात?" म्हणून विचारायचा. प्रज्ञेश म्हणायचा, "वरात नाही मामा, लोक जेवत असतात." मामा विचारात पडायचा. "मग मुक्कामाला पोचायचं कुटं असतंय?" त्याला एकदा ऐकायला नेऊ, पुढच्या रविवारी नेऊ, असं करता करता दोन वर्षं झाली होती. नेलं असतं तर ती छत्री साईनं पहिल्या मिनिटाला ओळखली असती.

"करतो," प्रज्ञेश म्हणाला आणि मोबाईल घेऊन जिन्यात गेला. दार लोटलं, पण ते दार तळघराचं, ओलीनं फुगलेलं. ते कधीच पुरतं लागत नसे. कॅम्पात कुणाला फोन करणार? त्यानं घरी लावला. आई उचलेल, दोन मिनिटं बोलू आणि आत जाऊन सांगू की सर भेटले नाहीत.

फोन मामानं उचलला. मामाचं असं होतं की आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार अशी त्याची खात्री होती.

"हालो! कोन हाय?"

"मामा, मी प्रज्ञेश."

"प्रज्ञेश घरी न्हाई! रेकाडिंगला गेलाय!"

"मामा, मीच प्रज्ञेश बोलतोय!"

"मंग फोनवर काय करतुयास? वाजीव की!"

प्रज्ञेशनं दाराकडे पाहिलं. फट चार बोटांची होती आणि पलीकडे अतिशय शांत होतं. तो कुजबुजला, मामाला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं बोलला, नाही गेलं. शेवटी त्याच्या आतलं काहीतरी थकलं आणि तो खुल्या आवाजात म्हणाला, "मामा, इथं चालू देत नाहीत! बूट काढायला लावलेत. डावा पाय नाही, श्वास येत नाही!"

मग मामाचा आवाज आला, मोठाच, पण निराळा. नवव्या वर्षी कानाशी यायचा तो. "लेकरा, घोडं थांबल्यावर आपन काय करतो? पोरं नाचत्यात, मोटारी भोंगं वाजिवत्यात, घोडं लीद टाकतंय. आपला पाय थांबतो व्हय? थांबतंय ते घोडं. आपन न्हाई. जा आत आन् चाल. कुनी काय म्हनलं तर सांग, लोबोसायबानी सांगितलंय."

फोन बंद झाला.

प्रज्ञेश जिन्याच्या पायरीवर बसला. घरात लोबो हे नाव त्यानं कधी, चुकूनसुद्धा, उच्चारलं नव्हतं. पायरी गार होती. तिच्यावर कुणीतरी चुन्याचं बोट पुसलं होतं आणि ते बोट तो कितीतरी वेळ बघत राहिला. आत जायचं म्हणजे त्या खोलीत जायचं, जिथं आता सगळ्यांना सगळं ऐकू गेलं आहे. निघून जाता येईल. वर रस्ता आहे, रविवार आहे, बस मिळेल. पण बूट आत राहिले होते. आणि दापोडीला मोज्यांवर परतून मामाला काय सांगणार, की घोडं थांबलं तसा मीही थांबलो?

तो आत गेला तेव्हा चारही चहा तसेच होते.

"मार्चमध्ये," राजनंदिनी कीबोर्डकडे बघत म्हणाली, "मी तुझ्या घरी फोन केला होता. फॉर्ममध्ये गुरूचं नाव लिहायचं असतं, सरांचं पूर्ण नाव हवं होतं. तू ऑफिसात. याच आवाजानं उचलला. मी दोनदा ओरडून विचारलं, प्रज्ञेशच्या लोबो सरांचा नंबर मिळेल का? ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, 'बोला, मीच लोबो.'"

साईनं काठ्या खाली ठेवल्या.

"मी म्हटलं, सर, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. तर म्हणाले, 'मी ऐकलं न्हवतं, आता ऐकतुया.' गोव्याचा माणूस इतकं मुळशीचं मराठी कसं बोलतो हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मग ते म्हणाले, पोरगं गुणी हाय. त्याला बसवू नगासा. आणि म्हणाले, माझ्याजवळ होतं ते समदं त्याच्याकडं हाय, माझं नाव लागलं न्हाई तरी चालंल, वाजल्याशी मतलब."

प्रज्ञेशनं ते डोळ्यांपुढे पाहिलं. दुपारची वेळ, आई भांडी घासायला मागे गेलेली, आणि मामा रिसीव्हर कानाला धरून भाच्याच्या एका थापेसमोर उभा. ती काय आहे, कशासाठी आहे, तिच्यात आपण का नाही, हे सगळं त्या बराच वेळच्या गप्प बसण्यात समजून घेतलेलं. आणि मग लग्न उरकल्यावर लाल कोट काढून खिळ्याला अडकवावा तसं स्वतःचं नाव काढून ठेवून, भाच्यानं दिलेली हॅट मुकाट डोक्यावर घातलेली. संध्याकाळी प्रज्ञेश घरी आला असेल. मामानं नेहमीसारखं विचारलं असेल, जेवलास का. आणि तो नेहमीसारखा म्हणाला असेल, हो मामा.

"धोंडिबा ओव्हाळ," तो म्हणाला. "चंद्रोदय ब्रास बँड, मंडई. माझे मामा. मी नवव्या वर्षापासून वरातीत वाजवायचो. लोबो कुणी नाहीत."

अनिरुद्धनं चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. एवढा मळ त्या चष्म्यावर नव्हता. "त्या दिवशी डेक्कनवर मी काहीतरी बोललो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मी गाढव आहे, हे तू दोन वर्षं कसं काय गुप्त ठेवलंस? निदान या दोघांना तरी सांगायचंस."

"आम्हाला माहीत होतं," साई म्हणाला. आणि मग एकदम कबुलीजबाब द्यावा तसा घाईनं, "प्रज्ञ्या, मलाही एक सांगायचंय. मी तुझ्या बुटांवर वाजवतो. पहिल्या दिवसापासून. माझा टाइम जातो रे मध्येच. तुझा पाय दिसला की सापडतो. सगळे म्हणतात साईचा टाइम रॉक सॉलिड. कसला साईचा! बूट काढलेस आणि मी अनाथ झालो."

"मग मी कुणावर वाजवतोय?" अनिरुद्ध म्हणाला. "मी साईवर वाजवतो."

"आणि मी तुझ्यावर," राजनंदिनी म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तळहातानं डोळे पुसले. म्हणजे दोन वर्षं, काटेचमच्यांच्या त्या खणखणाटात, चार माणसं एका डाव्या पायामागून चालत होती. आणि पायाच्या मालकाला पत्ता नव्हता.

काचेवर टकटक झाली. महिपती एक जुना, पोचे आलेला मायक्रोफोन घेऊन आत आले, गुडघे मोडून खाली वाकले आणि त्यांनी तो फळीपाशी, बुटांच्या उंचीवर लावला. "मृदंगाचा आहे," ते म्हणाले. "बूट घाला. आणि ते मामा," ते जरा घुटमळले, "एकोणऐंशी साली माझ्या लग्नात चंद्रोदयच होता. चौकात चाळीस मिनिटं अडकलो होतो. मला अजून वाटतं, तेवढाच भाग चांगला गेला." आणि संसारावर याहून जास्त भाष्य न करता ते काचेमागे निघून गेले.

प्रज्ञेशनं बूट घातले. चाल सुरू झाली. पाणी भरत आलं, दारं उघडली, आणि तो फळीवर जागच्या जागी निघाला. डावा. श्वास. डावा. पहिली ओळ रस्त्याला लागली, दुसरी तिच्या मागून, आणि तिसऱ्या वळणावर घोडं थांबलं. त्याला ते नीट दिसलं, कपाळावर गोंडे, डोळ्यांत गर्दीचा कंटाळा. पूर्वी इथं तो घाबरून पुढे निसटायचा. आता तो राहिला. तीच ओळ परत घेतली, उलटी घातली, तिच्यातला एक सूर उचलून त्याचा हात धरला आणि त्याला लांब घेऊन गेला. कार्यालयाच्या मागच्या पंगतीपर्यंत, चौदा एप्रिलच्या तापल्या डांबरापर्यंत, देवळीतल्या त्या एका दातापर्यंत. साई मागून येत होता, निवांत, ओळखीच्या रस्त्यानं आल्यासारखा. किती वेळ गेला ते कळलं नाही. महिपती सांगतात अकरा मिनिटं. साई शपथेवर सांगतो की सुरुवातीला अनिरुद्धला मिशा नव्हत्या.

सीडी गेली. एक प्रत मामानं ऐकली. ऐकली म्हणजे, सीडी प्लेअरच्या स्पीकरवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसला. जमिनीवर त्याचा अनवाणी डावा पाय हळूहळू पडायला लागला. संपल्यावर म्हणाला, "तिसऱ्या वळशाला पाय जड पडलाय. कसला इचार करत हुतास?"

तीन आठवड्यांनी महोत्सवाची ईमेल आली. निवड झाली होती. छापायच्या पत्रिकेसाठी एक शंका विचारली होती: तुम्ही पाठवलेल्या यादीत चार वादकांची नावं आहेत, आमच्या निवड समितीला रेकॉर्डिंगमध्ये पाच जण ऐकू आले. पाचव्याचं नाव कृपया कळवावं. हे पत्र प्रज्ञेशनं घरी मोठ्यांदा वाचलं, मग आणखी मोठ्यांदा वाचलं, मग मामाच्या कानाशी जाऊन असं वाचलं की शेजारच्या सुनीतीबाईंनी भिंतीपलीकडून अभिनंदन केलं.

मामा उंबऱ्यात छत्रीवर हनुवटी टेकून बसला होता. त्यानं वेलची या गालातून त्या गालात नेली.

"लिही की मग," तो म्हणाला, "लोबो."

प्रज्ञेश त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. बसला तो सवयीप्रमाणे डाव्या अंगाला. "लिहून झालं, तुमचं नाव," तो मामाच्या कानात ओरडला. "तिकीटही काढलंय. गोव्याला लोक बसून ऐकतात, मामा. तुम्हाला बसावं लागेल."

"बसू की," मामा म्हणाला. "घोडं थांबल्यावर मानूस बसंना तर काय करील."

पण पाय पडतच होता.